तीन लाल टाके

टेबलावर आठ वस्तू होत्या: आईची ब्लाउज बेतायची फळी, शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक, दोऱ्याला बांधलेलं एक काळं बटण, माऊस, दोन पॅड, वही आणि पेन्सिल. कोनमापक फळीच्या कडेला चिकटपट्टीनं बसवला होता आणि बटणाचा दोरा ओळंब्यासारखा त्यावरून लोंबत होता. माऊसची वायर गुंडाळून त्याच्याच पाठीवर रबरबँडखाली खोचलेली होती, म्हणजे तिची ओढ मध्ये यायला नको. सलोनीनं फळीवर कापडी पॅड अंथरला, त्यावर माऊस आडवा ठेवला आणि फळीचं एक टोक हळूहळू उचलायला घेतलं.

दोरा एकेक अंश सरकत गेला. माऊस घसरला तेव्हा तो एकोणिसावर होता.

तिनं आकडा लिहिला. इतका दाबून, की पेन्सिलीचं टोक मोडलं.

मग कापडी पॅड उचलून तिनं दुसरा ठेवला. हा कडक, प्लॅस्टिकचा, हाताला गार लागणारा. फळी जरा कुठं उचलली तोच माऊस सुटला. आठ. पुन्हा कापडी. चौदा. पुन्हा कडक. आठ. कापडी. एकोणीस. कडक. आठ.

एकाच पॅडवर सलग पाचदा मोजायचं नाही, दोन्ही आलटून पालटून घ्यायचे, म्हणजे हाताचा थकवा आणि हवेतला ओलावा दोघांच्या वाट्याला सारखा येतो, हे ती कॉलेजात शिकली होती. रीत चुकत नव्हती. कडक पॅड शहाण्या मुलासारखा आठ म्हणत होता. कापडी मात्र मनाला येईल तेव्हा चौदा आणि मनाला येईल तेव्हा एकोणीस. आणि तिला खरा राग आला तो मधल्या रिकाम्या जागेचा. पंधरा, सोळा, सतरा, अठरा एकदाही नाही. चूक असती तर आकडे मधे कुठंतरी गोळा झाले असते. हे आकडे दोन वेगळ्या घरांत राहत होते आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

"पंखा का बंद केलास?" शालूनं शिलाई मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"वाऱ्यानं माऊस हलतो."

"आणि खिडकी?"

"दमट हवा येते खाडीकडून. पॅडला ओल धरते."

"पॅडला धरते," शालू म्हणाली. तिनं पदरानं गळ्याभोवतीचा घाम पुसला. "आईला काय धरतं ते नको बघूस."

"पाच मिनिटं, आई."

"तुझी पाच मिनिटं आठ वाजल्यापासून चाललीयत. नवरात्र आठवड्यावर आलंय. सुगंधाकाकूंचे नऊ ब्लाउज बेतायचेत मला, नऊ रंगांचे नऊ. जमिनीवर बसून बेतू?"

भाईंदर पूर्वेतल्या त्यांच्या घरात टेबल एकच होतं. बारापर्यंत ते तिचं, बारानंतर आईचं, असा करार होता. घड्याळात अकरा वाजले होते. तिच्याकडे अजून एक तास होता आणि उद्या चारपर्यंतचे एकूण एकोणतीस.

उद्या चार वाजता शांती नगरच्या गेमिंग कॅफेत ट्रायल होती. पाच जणांच्या टीममधे चार जागा भरलेल्या होत्या. पाचवी सलोनीची होती, गेल्या गुरुवारपर्यंत.

गुरुवारी नॅथननं तिला काउंटरपाशी बोलावलं होतं. नॅथन टीमचा कॅप्टन. रोज उत्तनच्या कोळीवाड्याहून बस धरून यायचा. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

"तू वाईट न्हाय खेळत," तो म्हणाला होता. "पण एक दिवस वाघ, एक दिवस शेळी. मी टीममधे कोणाला घेतोय तेच मला समजत न्हाय. संडेला तू आणि निकेत. जो जास्त मारेल त्याची सीट."

मग त्यानं काउंटरखालून हा कडक पॅड काढून तिच्या हातात दिला होता. "घरी ने. सवय कर. आपल्याकडची हवा कपड्याच्या पॅडला सोसत न्हाय. हार्डवर हात उडतो बघ."

"मला उडायचं नाहीये, थांबायचंय," ती म्हणाली होती. टीममधे तिचं काम कोपरा धरून बसायचं. समोरचा आडोशाबाहेर आला की पडद्यावरची नेमाची निशाणी त्याच्यावर न्यायची आणि तिथंच थांबवायची. कडक पॅडवर निशाणी जाते भसकन, पण हात थांबला तरी दोन बोटं पुढं घरंगळते. कापडी पॅडवर हात थांबला की तीही थांबते. निदान थांबायची.

निकेत शेजारच्या खुर्चीवरून हसला होता. "अरे, कशी सोडेल ती तो पॅड? राखी बांधलेली त्याला. भाऊ आहे तो तिचा."

तो विनोद जुना होता, तरी सगळे पुन्हा हसले.

त्याची कथा अशी. गेल्या महिन्यात कापडी पॅडची डावी कड उसवली आणि तिथून सुतं निघायला लागली. शालूनं एका दुपारी तो उचलला, खराब झालेली पट्टी कापून टाकली, तेवढ्यासाठी खालूनही थोडा छाटला आणि चाळीस बाय चाळीसचा नीट चौकोन केला. खालच्या रबराला मशीन घेईना, म्हणून तिनं चामड्याची सुई घेऊन चारही कडा हातानं काळ्या दोऱ्यानं बांधल्या. कंपनीचं चिन्ह कापलेल्या पट्टीबरोबर गेलं. काम देखणं झालं होतं. फक्त वरच्या कडेला, अगदी मधोमध, तीन लाल टाके होते. काळा दोरा संपला असेल, सलोनीला वाटलं होतं. कॅफेत पॅड उलगडला, तसा निकेत म्हणाला होता, "पायपुसण्याला राखी? वा वा, ओवाळणीत काय दिलं?" त्याच संध्याकाळी आई भाजी आणायला गेलेली असताना सलोनीनं ब्लेडनं ते तीन टाके काढून कचऱ्यात टाकले होते. कड सुटली नाही. लाल दोरा कडेला धरून नव्हताच, नुसता वर बसला होता.

आता तिनं वहीचं मागचं पान उघडलं. तिथं अकरा दिवसांचा सराव लिहिलेला होता. रोज कॅफेत पडद्यावर एकामागून एक शंभर ठिपके यायचे, किती मारले ते मोजायचे. अठ्ठ्याऐंशी, एकाहत्तर, एकोणनव्वद, सत्त्याऐंशी, बहात्तर, सत्तर, अठ्ठ्याऐंशी, एकाहत्तर, त्र्याहत्तर, एकोणनव्वद, सत्तर. ती या पानाकडे रोज बघायची आणि रोज स्वतःला शिव्या घालायची. झोप कमी झाली, लक्ष नव्हतं, निकेत मागं उभा होता. प्रत्येक सत्तरला तिनं एक कारण शोधलं होतं आणि प्रत्येक कारण तिच्याच अंगावर आलं होतं.

"एक दिवस वाघ," ती स्वतःशीच म्हणाली आणि वही फळीवर आपटली. माऊस खाली पडला.

शालूनं मशीन थांबवलं.

"झालं. आता उठ."

"बारा वाजले नाहीत."

"वस्तू आपटायला लागलं की वेळ संपते. उठ म्हणते ना." शालू टेबलापाशी आली आणि तिनं सामान गोळा करायला सुरुवात केली. वही आणि कडक पॅड तिनं मशीनवर ठेवले, कोनमापक सोडवून खुर्चीवर. कापडी पॅड उचलताना तिचा अंगठा सवयीनं कापडावरून फिरला. ती थांबली. नखानं तिनं एकदा या दिशेला ओढलं, एकदा त्या दिशेला.

"हे आडवं कशाला घातलंयस?"

"काय आडवं?"

"कापड."

"आई, तो चौकोनी आहे. चाळीस बाय चाळीस, तूच कापलायस. चारी बाजू सारख्या आहेत त्याच्या."

"बाजू असतील सारख्या. कापड सारखं असतं होय?"

"हे ब्लाउजपीस नाहीये!" सलोनीचा आवाज चढला. "सकाळपासून मी इथं मोजतेय, आणि तू येऊन नुसता अंगठा फिरवतेस. तुला यातलं काय कळतं?"

शेजारच्या घरातला टीव्ही भिंतीपलीकडून ऐकू येत होता. शालूनं पॅड उजेडाकडे धरला, वरची कड चाचपली, मग तो फिरवून दुसरी कड, तिसरी, चौथी.

"खूण कुठंय?"

"कसली?"

"लाल दोऱ्याची. तीन टाके घातले होते मी. ही बाजू वर राहिली की कापडाचा धागा उभा येतो म्हणून."

सलोनीनं पेन्सिल उचलून परत ठेवली.

"पडले?"

"काढले."

"का?"

"पोरं हसली."

शालू खुर्चीवर बसली, कोनमापकासकट. मग उठून तो बाजूला केला आणि परत बसली. तिचा राग नेहमी भांड्यांवर निघायचा, आणि या खोलीत भांडी नव्हती.

"सव्वीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय," ती म्हणाली. "कुणाच्या अंगावर आडव्या कापडाची बाही गेली नाही माझ्या हातून. कापड कापलं की आधी खूण करायची, मग दुसरं काम. तुला काय वाटलं, शोभेला घातले होते?"

"मग सांगायचंस ना! तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"खूण म्हणजे सांगणंच असतं."

"तुमच्या धंद्यात असेल! मला कसं कळणार? मला काय स्वप्न पडणार?" सलोनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला संताप आला. "अकरा दिवस! अकरा दिवस मी स्वतःला मूर्ख समजतेय. तो निकेत माझ्या खुर्चीवर बसायला निघालाय. आणि तू म्हणतेस खूण!"

"उसवताना विचारायचंस. शिवणाऱ्याला न विचारता टाका उसवत नाहीत. तेवढं तरी माहीत पाहिजे माझ्या घरात राहून."

सलोनीनं वही ओढली. चौदा, एकोणीस, एकोणीस, चौदा. प्रत्येक वेळी तिनं कडक पॅड ठेवायला कापडी उचलला होता आणि परत ठेवताना कुठली बाजू वर आली ते पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं काही नव्हतंच. रोज पॅड गुंडाळून पिशवीत टाकायचा आणि कॅफेत जाऊन उलगडायचा, तेव्हाही तेच. चार बाजू, दोन वेळा उभा, दोन वेळा आडवा. सत्तरच्या घरात किंवा नव्वदच्या उंबरठ्यावर.

ते इतकं नीट बसत होतं, की तिला ते मान्य करवेना.

"अंगठ्यानं एवढा फरक कळत नाही," ती म्हणाली. "पाच अंशांचा आहे. माणसाला नाही कळत."

"बरं."

"बरं काय? डोळे बांध."

"काय?"

"डोळे बांध. मी दहा वेळा ठेवते. उभा की आडवा ते सांग. फक्त मधे हात लावायचा, कडेला नाही. कडेच्या टाक्यांवरून ओळखशील."

शालूनं तिच्याकडे बघितलं. "आंधळी कोशिंबीर खेळायचं वय राहिलं नाही माझं."

"भीती वाटते?"

हे बोलून गेल्यावर सलोनीला वाटलं, आई आता उठेल आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर पातेली आदळेल. पण शालूनं टोपलीतून अस्तराचा एक जांभळा तुकडा उचलला, स्वतःच्या डोळ्यांवर गच्च बांधला आणि उजवा हात टेबलावर पुढं केला.

"घे परीक्षा," ती म्हणाली. "लवकर आटप."

सलोनीनं पाकिटातून एक नाणं काढलं. छापा आला तर उभा, काटा आला तर आडवा. आपल्या मनानं ठरवायचं नाही. मन एका रांगेत चालतं आणि समोरच्याला ती रांग ओळखू येते. ती नाणं फिरवायची, पॅड उचलून हवेत दोन फेरे द्यायची, ठेवायची आणि आईचं मनगट धरून बोट मधोमध आणायची. शालू नख एकदा डावीकडून उजवीकडे ओढायची. दुसऱ्यांदा नाही.

"आडवं."

"आडवं."

"उभं."

"आडवं."

पाचव्या वेळी तिनं हात आखडता घेतला. "किती आवळतेस? मनगट सोड माझं."

सलोनीनं मनगट सोडलं. तिला आई चुकायला हवी होती. एकदा तरी. एकदा चुकली असती तर कुठंतरी पाय टेकायला जागा मिळाली असती, दोघींना समोरासमोर उभं राहता आलं असतं. उभं, म्हणाली शालू. उभं. आडवं. उभं. आडवं.

दहाव्या वेळी सलोनीनं नाणं फिरवलं नाही. नुसतं ते टेबलावर वाजवलं, ऐकू जाईल असं, आणि पॅड कोन करून तिरका ठेवला. उभाही नाही, आडवाही नाही. ही लबाडी होती. प्रयोगात हे करत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

शालूचं नख कापडावरून गेलं. थांबलं. पहिल्यांदाच ते परत आलं आणि पुन्हा गेलं. पंखा बंद होता, मशीन बंद होतं. नखाचा बारीक आवाज तेवढा ऐकू आला.

"हे उरेब आहे," शालू म्हणाली. "तिरकं धरलंयस. खोडी काढतेस माझी?"

तिनं डोळ्यांवरचा कपडा सोडला. कपाळावर त्याचा ओला वळ उठला होता. सलोनी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होती. मग तिनं वही मिटली. शालूनं काही विचारलं नाही, सलोनीनं काही सांगितलं नाही.

"सोड आता टेबल," शालू म्हणाली आणि उठून पंखा लावला.

बाकीचं काम सलोनीनं गॅलरीत जमिनीवर बसून केलं. पॅडच्या एका कोपऱ्यावर आईच्या खडूनं फुली मारली आणि दोन्ही दिशांनी दहा-दहा वेळा मोजलं. पंखा चालू, खिडकी उघडी. एका दिशेनं दहाही वेळा चौदा. दुसऱ्या दिशेनं नऊ वेळा एकोणीस, एकदा वीस. हवेचा काही संबंध नव्हता. नॅथन चुकला होता, तीही चुकली होती. यातलं नॅथनचं चुकणं तिला सोपं गेलं.

चार वाजता ती आत आली. शालू टेबलावर हिरवा कपडा अंथरून खडूनं रेघा मारत होती.

"लाल दोरा आहे?"

"डबीत."

"तू घालतेस?"

"मी एकदा घातला होता." कात्री चालू झाली. थोड्या वेळानं शालू तशीच पाठमोरी म्हणाली, "चामड्याची सुई घे. साधी मोडेल."

तीन टाक्यांना सलोनीला पंचवीस मिनिटं लागली. सुई रबरात शिरायची आणि अर्ध्यात अडकायची. दोनदा ती तिच्या बोटात गेली. तिसरा टाका वाकडा आला. तिनं तो उसवायला ब्लेड उचललं, टेबलाकडे पाहिलं आणि ब्लेड परत डबीत ठेवलं.

रात्री जेवताना दोघी मीठ, पाणी, उद्याचं दूध एवढंच बोलल्या.

रविवारी चारला दहा मिनिटं असताना ती शांती नगरला पोचली. कॅफेत एसी होता, सगळीकडे कुरकुऱ्यांचा वास होता. निकेत आधीच बसून मनगटं मोकळी करत होता. त्याच्यापुढं कडक पॅड, चकचकीत. सलोनीनं पिशवीतून दोन्ही पॅड काढले.

"आली बघ राखी परत," निकेत म्हणाला. "यावेळी तर अजून वाकडी बांधलीय."

"मीच बांधलीय. तुलाही हवी का?"

मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी फिसकन हसलं. यावेळी ते तिच्यावर नव्हतं.

"नॅथन," ती म्हणाली, "मी तीन राउंड हार्डवर खेळते, तीन याच्यावर. आधी कुठला ते नाणं उडवून ठरव. सगळे आकडे बोर्डवर लिही."

"सीधा याच्यावरच खेळ ना. टाइम कशाला घालवतेस?"

"तू म्हणालास हार्ड घे. मला तुझं म्हणणं मोजायचंय."

नॅथननं खांदे उडवले. मग त्यानं वाकून कापडी पॅडच्या कडेवर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

"खूण. ही बाजू वर ठेवायची. नाहीतर कापड आडवं पडतं, हात अडतो."

ती हसण्याची वाट पाहत होती. उत्तरही तयार होतं. पण नॅथननं बोट तसंच ठेवलं.

"आमच्या पप्पांच्या जाळ्याला पण हाय अशी," तो म्हणाला. "पिवळी दोरी. ती तुटली की जाळं कुठल्या अंगानं सोडायचं ते कळत न्हाय." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "ही नव्हती का इतके दिवस?"

"मी काढली होती."

"का?"

सलोनीनं निकेतकडे बघितलं नाही. "छापा की काटा ते सांग," ती म्हणाली.

काटा आला, म्हणून आधी कडक. निशाणी भसकन जायची आणि ठिपक्याच्या पलीकडे घरंगळायची; प्रत्येक वेळी तिला दातओठ खात ती मागं ओढावी लागे. सत्त्याहत्तर, एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर. मग निकेत खेळला. तो चांगला खेळायचा, आणि हेही तिला राग येण्यासारखंच होतं. शहाऐंशी, चौऱ्याऐंशी, सत्त्याऐंशी. तिसऱ्या राउंडनंतर त्यानं खुर्ची मागं ढकलली आणि हात डोक्यामागं बांधले.

सलोनीनं कापडी पॅड अंथरला. डाव्या अंगठ्यानं वरची कड चाचपली. वाकडा टाका बोटाला टोचला. तिनं माऊसवर हात ठेवला.

पहिला ठिपका उजवीकडे आला. हात गेला आणि थांबला.

एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. नव्वद.

नॅथननं बोर्डवर तिन्ही आकडे लिहिले आणि बाकीच्या आकड्यांवरून नजर फिरवली. निकेतनं आपला पॅड उचलून पिशवीत सारला. "नशीब," तो म्हणाला.

"तीन वेळा?" नॅथन म्हणाला. त्यानं पाचव्या ओळीत तिचं नाव लिहिलं आणि पेनचं टोपण लावलं. मग जरा घुटमळला. "हार्डचं मी बोललो ते... सॉरी बोलू का?"

"नको. ते आकडे पुसू नकोस. सोमवारपर्यंत राहू देत."

गोल्डन नेस्टच्या नाक्यावर तिनं रिक्षा सोडली आणि घरापर्यंत चालत आली. टीमचे लोक फोनवर लिहीत होते, अंगठे पाठवत होते. तिनं फोन बघितला नाही. तिचा राग अजून गेला नव्हता. फक्त तो आता कुणावर काढायचा हे तिला कळत नव्हतं.

शालू टेबलापाशी बसून ब्लाउजला हुक लावत होती. नवापैकी सात घड्या करून ठेवलेले होते. सलोनीनं चपला काढल्या, पाणी प्यायली, पिशवी भिंतीला टेकवली.

"काय झालं?"

"घेतलं."

"किती आले?"

"शंभरात एकोणनव्वद. सरासरी."

शालूनं मान हलवली. दोरा दातानं तोडला, सुईत दुसरा ओवला आणि पुढचा हुक कापडावर धरला. सलोनी पिशवीतून पॅड काढून तो गुंडाळीतून सरळ करत होती. शालूची नजर कडेवरच्या लाल दोऱ्यावर गेली. वाकड्या टाक्यावर ती क्षणभर थांबली आणि परत हुकाकडे आली.

"आणि माझे?" तिनं विचारलं.

"काय तुझे?"

"काल डोळे बांधून घेतली होतीस परीक्षा. निकाल नाही सांगितलास."

सलोनीनं वही काढली. पानं उलटून शनिवारचं पान शोधलं. तिथं एकाखाली एक ओळी होत्या. पुढं छापा किंवा काटा, त्यापुढं उ किंवा आ, त्यापुढं बरोबरची खूण. शेवटच्या ओळीत नाण्याची जागा रिकामी होती, आणि अक्षराऐवजी पूर्ण शब्द लिहिला होता: उरेब. त्याच्यापुढंही खूण होती.

तिनं त्या सगळ्या खुणा बोटानं वरपासून खालपर्यंत पुन्हा मोजल्या.

"दहापैकी दहा."